पर्जन्यमापक गावोगावी बसेल, पण त्याची नोंद कोण तपासणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

केंद्र सरकारच्या ‘विंड्स’ योजनेखाली प्रत्येक तालुक्याच्या पातळीवर स्वयंचलित हवामान केंद्र आणि प्रत्येक ग्रामपंचायतीत स्वयंचलित पर्जन्यमापक बसवायचे ठरले आहे. केंद्रीय कृषी मंत्रालयाने जुलै 2023 मध्ये ही योजना जाहीर केली. पुढे 1 जानेवारी 2025 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने पीकविम्यातील तंत्रज्ञानासाठी 824.77 कोटी रुपयांचा जो निधी मंजूर केला, त्यातही तिचा समावेश आहे. देशात अडीच लाखांहून अधिक ग्रामपंचायती आहेत आणि त्यांपैकी सुमारे 28 हजार एकट्या महाराष्ट्रात आहेत, हे लक्षात घेतले की या कामाचा आवाका ध्यानात येतो. सातारा जिल्ह्यात कृषी पर्यवेक्षक म्हणून नोकरी केलेला माणूस या नात्याने मी या निर्णयाचे मनापासून स्वागत करतो. मात्र या योजनेची जी चर्चा माझ्या वाचनात येते, तिचा सगळा भर किती यंत्रे बसणार यावर असतो. बसलेल्या यंत्राने नोंदवलेला आकडा खरा आहे की नाही हे कोण आणि कसे ठरवणार, हा प्रश्न तिच्यात फारसा येत नाही. म्हणून माझी एक मागणी आपल्या दैनिकामार्फत संबंधितांपर्यंत पोहोचावी, अशी विनंती आहे. प्रत्येक स्वयंचलित यंत्राशेजारी हाताने मोजायचे एक साधे पर्जन्यमापक बसवावे, गावातल्याच जबाबदार व्यक्तीने रोज सकाळी साडेआठ वाजता त्याची नोंद घ्यावी आणि दोन्ही नोंदी त्याच दिवशी कोणालाही पाहता येतील अशा रीतीने जाहीर कराव्यात.

जमिनीवरच्या नोंदींचे जाळे दाट असायला हवे, याबद्दल दुमत असू नये. 26 जुलै 2005 रोजी मुंबईवर जो पाऊस कोसळला, त्यात सांताक्रूझच्या वेधशाळेत 24 तासांत 944 मि.मी. नोंद झाली आणि त्याच काळात कुलाब्याच्या वेधशाळेत जेमतेम 73 मि.मी. एकाच शहरातल्या, वीस-पंचवीस किलोमीटर अंतरावरच्या या दोन जागा आहेत. त्या दिवशी फक्त कुलाब्याची वेधशाळा अस्तित्वात असती, तर सरकारी दप्तरात तो पावसाळ्यातला एक साधारण दिवस म्हणून नोंदला गेला असता. आमच्या जिल्ह्यात तर हा फरक दरवर्षीचा आहे. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तिथून अठरा-एकोणीस किलोमीटरवरच्या पाचगणीला त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, घाट उतरून वाईला आले की सातशे-आठशे आणि पूर्वेला माण तालुक्यात पाचशेच्या आतबाहेर. अशा जिल्ह्याची सरासरी काढून शेतकऱ्याला सांगितली, तर ती कोणत्याच गावाची नसते. थंडीतही असेच घडते. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाच्या काठी गवतावरचे दव गोठल्याची छायाचित्रे दर हिवाळ्यात आपण पाहतो, पण त्याच पहाटेचे वेधशाळेतले किमान तापमान त्याहून बरेच जास्त असते. यात वेधशाळेची काही चूक नसते. निरभ्र रात्री जमीन उष्णता झपाट्याने गमावते, जड झालेली गार हवा उतारावरून सखल भागात येऊन साचते आणि उंचावरच्या तापमापकाला त्याचा पत्ता लागत नाही. स्ट्रॉबेरीचे वाफे मात्र बहुधा सखल भागातच असतात.

उपग्रह आणि रडार असताना जमिनीवर यंत्रे कशाला, असे काही जण विचारतात. उपग्रहाला ढगाचा माथा दिसतो आणि त्याच्या तापमानावरून खाली किती पाऊस पडत असेल याचा अंदाज बांधावा लागतो. रडारची किरणशलाका पृथ्वीच्या वक्रतेमुळे दूर जाईल तशी जमिनीपासून उंच जाते. शंभर किलोमीटरवर ती साधारण दीड किलोमीटर उंचीवरचे थेंब पाहत असते आणि सह्याद्रीसारखी भिंत आडवी आली तर पलीकडचे काही दिसतच नाही. शिवाय थेंबांवरून परतलेल्या लहरींचे मिलिमीटरमध्ये रूपांतर करायचे सूत्र पडताळायला शेवटी जमिनीवरचे पर्जन्यमापकच लागते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ मे 2025 मध्ये राष्ट्राला अर्पण झाली. ती सहा किलोमीटरच्या चौकटीत अंदाज देते. अंदाज इतका बारीक होत असताना तो खरा ठरला की खोटा हे तपासणारी नोंद विरळ आणि शंकास्पद राहिली, तर या सुधारणेचा निम्मा लाभ वाया जाईल.

माझ्या मागणीचे खरे कारण मात्र अंदाजापेक्षा वेगळे आहे. गेल्या काही वर्षांत पर्जन्यमापक हे केवळ माहितीचे साधन राहिलेले नाही, त्याच्या आकड्यावर लोकांचे पैसे ठरू लागले आहेत. महसूल मंडळात, म्हणजे महसुली कामासाठी केलेल्या काही गावांच्या गटात, 24 तासांत 65 मि.मी. पेक्षा जास्त पाऊस झाला की ते मंडळ अतिवृष्टीग्रस्त ठरते आणि नुकसानीच्या मदतीची वाट मोकळी होते. 63 मि.मी. नोंद झाली की शेतात गुडघाभर पाणी असले तरी अर्ज-विनंत्यांचा प्रवास सुरू होतो. राज्य सरकारने 2023 मध्ये ‘सततचा पाऊस’ हीसुद्धा नैसर्गिक आपत्ती मानली. तो निर्णय योग्यच होता, पण तिथेही ओळीने किती दिवस किती मिलिमीटर हे मंडळातले यंत्रच सांगणार. फळबागांच्या हवामानावर आधारित विम्यात तर पंचनामाच नाही. द्राक्ष, डाळिंब, आंबा, संत्रा, केळी अशा पिकांसाठी अवेळी पाऊस, कमी किंवा जास्त तापमान, आर्द्रता यांच्या मर्यादा आधीच ठरवलेल्या असतात आणि संदर्भ हवामान केंद्राचा आकडा ती मर्यादा ओलांडतो की नाही, एवढ्यावर भरपाई ठरते. ऑक्टोबर छाटणीनंतर बाग फुलोऱ्यात असताना दोन दिवस पाऊस लागून राहिला आणि घड कुजले, हे बागाईतदाराने डोळ्यांनी पाहिलेले असते. पण सहा-सात किलोमीटरवरच्या यंत्राने ते पाहिले नसेल, तर विम्याच्या हिशेबात ते घडलेच नाही. या पद्धतीत पंचनाम्याची दिरंगाई आणि वशिला टळतो हा तिचा मोठा गुण आहे आणि मी तिच्या विरोधात नाही. पण ज्या साक्षीदाराच्या एका शब्दावर निकाल लागतो, त्याची उलटतपासणी घेण्याची सोय कुठेतरी असायला हवी आणि ती आज नाही.

महाराष्ट्राला या बाबतीत इतर राज्यांपेक्षा अधिक अनुभव आहे. खासगी भागीदारीतून राबवलेल्या ‘महावेध’ प्रकल्पात महसूल मंडळनिहाय दोन हजारांहून अधिक स्वयंचलित केंद्रे 2017 पासून उभी राहिली. तापमान, आर्द्रता, वाऱ्याचा वेग व दिशा आणि पाऊस यांची नोंद दर दहा मिनिटांनी होते. राज्याचे क्षेत्रफळ सुमारे 3 लाख 8 हजार चौरस किलोमीटर धरले, तर एका केंद्राच्या वाट्याला सरासरी दीडशे चौरस किलोमीटरच्या आसपास क्षेत्र येते. जपानच्या हवामान खात्याचे ‘अमेडास’ हे जाळे जगात नावाजलेले आहे. 1974 मध्ये सुरू झालेल्या त्या जाळ्यात सुमारे 1,300 ठिकाणी पाऊस मोजला जातो आणि दोन ठिकाणांतले सरासरी अंतर 17 किलोमीटर आहे. म्हणजे नुसती दाटी पाहिली तर महाराष्ट्र जपानच्या मागे नाही, पुढेच आहे. तरीही जपानी शेतकरी आपल्या केंद्राच्या आकड्यावर जितका निःशंक असेल तितके आपण असू शकतो का, याचे उत्तर कोणत्याही गावच्या पारावर मिळेल. संख्येने सुटणारा प्रश्न महाराष्ट्राने बराचसा सोडवला आहे. जो उरला तो जागेचा, निगेचा आणि पडताळणीचा आहे. ग्रामपंचायतीगणिक यंत्र बसले की तोच प्रश्न दहा-बारापटींनी वाढेल.

हे यंत्र बिघडते कसे, हे थोडे तपशिलात सांगतो, कारण निर्णय घेणाऱ्यांपैकी अनेकांनी ते उघडून पाहिलेले नसावे. स्वयंचलित पर्जन्यमापकाच्या तोंडाशी नरसाळे असते आणि नरसाळ्याच्या बारीक छिद्राखाली आसावर तोललेल्या दोन छोट्या पळ्या असतात. एक पळी ठरावीक पाण्याने भरली की ती कलंडते, पाणी सांडते, दुसरी पळी छिद्राखाली येते आणि प्रत्येक कलंडण्याबरोबर एक विद्युत संकेत नोंदला जातो. रचना साधी आणि सुंदर आहे. पण कडुलिंबाचे एक वाळके पान किंवा पाखराची विष्ठा छिद्रावर बसली की नरसाळ्यात पाणी साचून राहते आणि मग ते थेंबाथेंबाने तासन्‌तास झिरपत राहते. संध्याकाळी अर्ध्या तासात धो-धो पडलेला पाऊस नोंदवहीत रात्रभराची रिमझिम म्हणून उतरतो आणि त्यातला काही भाग सकाळी साडेआठनंतर दुसऱ्या दिवसाच्या खात्यावर जातो. छिद्र पूर्ण बुजले तर काहीच नोंद होत नाही. गांधीलमाशीने आत घर केले की पळी अडते. पाऊस फार जोराचा असला की पळी कलंडत असतानाच्या क्षणात पडलेले पाणी मोजले जात नाही, म्हणून ढगफुटीसारख्या पावसात हे यंत्र मुळातच कमी आकडा दाखवते आणि तेवढी दुरुस्ती करण्यासाठी त्याचे नियमित प्रमाणीकरण करावे लागते. सौर पॅनेलवर धुळीचा थर बसला, बॅटरी उतरली, सिमकार्डाला रेंज मिळाली नाही, हे वेगळेच.

जागेची गोष्ट याहून गंभीर आहे. जागतिक हवामान संघटनेचे निकष आणि आपल्या हवामान खात्याची पद्धत याबाबत स्पष्ट आहे. पर्जन्यमापक सपाट, मोकळ्या जमिनीवर असावे, जवळच्या झाडापासून वा भिंतीपासून त्याचे अंतर त्या अडथळ्याच्या उंचीच्या दुपटीहून कमी नसावे आणि शक्य तर चौपट असावे. वाऱ्याचे यंत्र दहा मीटर उंचीवर, अडथळ्यांपासून त्यांच्या उंचीच्या दहापट दूर असावे. तापमापकाच्या खाली गवताळ जमीन असावी, डांबर किंवा काँक्रीट नसावे. आमच्या भागातले एक केंद्र मी सेवेत असताना पाहिले होते. कुंपणाच्या आत गवत छातीपर्यंत वाढलेले, त्यातून एक सुबाभूळ वर आलेली आणि तिच्या फांद्या नरसाळ्याच्या थेट वर. कुंपणाच्या फाटकाला कुलूप होते आणि त्याची किल्ली गावात कोणाकडेच नव्हती. मंडळातल्या सगळ्या गावांचा पाऊस त्या झाडाच्या आडून मोजला जात होता. शेजारच्या वस्तीवरच्या माणसाला हे दिसत होते, फांदी तोडायलाही तो तयार होता, पण कुलूप उघडायचा अधिकार कोणाला हे त्याला सांगणारे कोणी नव्हते. काही ठिकाणी सुरक्षिततेच्या नावाखाली यंत्र कार्यालयाच्या गच्चीवर चढवण्याचा मोह होतो. तिथे वारा इमारतीवर आदळून उसळतो आणि थेंब तोंडावरून पलीकडे उडवून नेतो, त्यामुळे नोंद कमी होते. मापकाचे तोंड वीतभरही रुंद नसते. एवढ्याशा तोंडातून पडणारे पाणी शेकडो हेक्टरांचा हिशेब ठरवणार असेल, तर त्या तोंडावर काय आडवे येते याची काळजी घेणे ही किमान अपेक्षा आहे.

बिघाडापेक्षाही मला एक गोष्ट अधिक खटकते, ती म्हणजे ‘पाऊस नाही’ आणि ‘नोंद नाही’ यांत न केलेला भेद. यंत्र बंद पडले, संदेश पोहोचला नाही, तर त्या दिवसाची जागा रिकामी राहायला हवी. पण तक्ते पुढे पुढे सरकत असताना कुठेतरी रिकाम्या जागेचे शून्य होते आणि एकदा शून्य लिहिले गेले की ते कोरड्या दिवसासारखेच दिसते. पुढे बेरीज होते, टक्केवारी निघते, त्यावर निर्णय होतात. कधी रिकामी जागा शेजारच्या केंद्राच्या आकड्याने भरली जाते. हवामानशास्त्रात अशी भरणा करण्याच्या मान्य पद्धती आहेत, पण ती भरलेली नोंद आहे हे तिथेच लिहिलेले असावे लागते. 2023 च्या दुष्काळात मंडळनिहाय पावसाचे आकडे काढताना विभाजनाने नव्याने झालेल्या काही मंडळांत पर्जन्यमापकच बसलेले नव्हते, हे आपल्यासमोर आले होते. मंडळ कागदावर निर्माण झाले, पण त्याचा पाऊस मोजण्याची सोय झाली नाही, आणि त्या गावांना आपला दुष्काळ दुसऱ्या मंडळाच्या आकड्यावरून सिद्ध करण्याची वेळ आली.

तापमानाच्या नोंदींनीही आपल्याला इशारा दिलेला आहे. 29 मे 2024 रोजी दिल्लीतील मुंगेशपूरच्या स्वयंचलित केंद्राने 52.9 अंश सेल्सिअस तापमान दाखवले आणि देशभर खळबळ उडाली. हवामान खात्याने तपास केला तेव्हा तिथला संवेदक (सेन्सर) सुमारे तीन अंश जास्त दाखवत असल्याचे आढळले. त्याच आठवड्यात नागपुरातील एका स्वयंचलित केंद्रावर 56 अंश नोंद झाली आणि तीही यंत्रातील दोषामुळे असल्याचा खुलासा करावा लागला. या दोन्ही चुका पकडल्या गेल्या याची कारणे पाहण्यासारखी आहेत. आकडे इतके विलक्षण होते की कोणीही थबकावे, ती केंद्रे मोठ्या शहरांत होती आणि आसपास तुलनेसाठी इतर केंद्रे होती. माण किंवा जत तालुक्यातल्या एखाद्या गावच्या पर्जन्यमापकाने 71 ऐवजी 58 मि.मी. दाखवले, तर त्यात विलक्षण काहीच नसते, त्याची बातमी होत नाही आणि चौकशीही होत नाही. नुकसान मात्र त्या गावाला पूर्ण सोसावे लागते.

म्हणून यंत्राशेजारी साधे पर्जन्यमापक हवे. त्यात बिघडण्यासारखे काही नसते. ठरावीक मापाच्या तोंडाचे नरसाळे, आत एक बाटली आणि बरोबर खुणा केलेले मोजपात्र. सकाळी साडेआठला बाटलीतले पाणी मोजपात्रात ओतायचे, पात्र सपाट जागी ठेवून डोळा पाण्याच्या पातळीला आणायचा, दशांशापर्यंत आकडा वाचायचा, लिहायचा आणि बाटली रिकामी करून पुन्हा ठेवायची. गेल्या 24 तासांचा पाऊस त्या तारखेला लिहायचा, ही पद्धत देशभर आहे. मंगळवारच्या सायंकाळी झालेला पाऊस बुधवारच्या तारखेला का दिसतो, हे माहीत नसल्यामुळे कितीतरी शेतकऱ्यांचा विनाकारण गैरसमज होतो, हेही जाता जाता नमूद करतो. पाच मिनिटांच्या या कामाचे मोल कमी लेखू नये. भारतीय हवामान विभागाची स्थापना 1875 ची. आपल्या मान्सूनचा दीडशे वर्षांचा जो अभ्यास आज जगभर वापरला जातो, त्याच्या मुळाशी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनेच जुळवलेली 306 ठिकाणांच्या पावसाची 1871 पासूनची मालिका आहे. ती कोण्या उपकरणाच्या किमयेने झाली नाही. कचेऱ्यांतल्या कारकुनांनी आणि गावच्या कामगारांनी रोज सकाळी हाताने मोजून लिहिलेल्या आकड्यांवर ती उभी आहे.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. हाताने घेतलेल्या नोंदी विश्वासार्ह नव्हत्या, त्या कार्यालयात बसून अंदाजाने भरल्या जात, म्हणून तर स्वयंचलित यंत्रे आणली. मग पुन्हा मागे का जायचे? मी मागे जायला सांगत नाही. नोंद घेणारा माणूस आळस करू शकतो, दडपणाखाली येऊ शकतो, विम्याचा पैसा अवलंबून असेल तर आकडा वाढवण्याचा मोह त्याला होऊ शकतो. यंत्राला मोह होत नाही, पण ते मुकाट्याने बिघडते आणि बिघडलेलेच राहते. एकाच जागी दोन्ही असतील तर माणसाची लबाडी यंत्र उघडी पाडते आणि यंत्राचा बिघाड माणूस दाखवून देतो. दोन आकड्यांत थोडा फरक नेहमीच राहील. तो ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की आठवड्याच्या आत तंत्रज्ञ तिथे पोहोचला पाहिजे आणि फरक मिटेपर्यंत त्या केंद्राची नोंद ‘शंकास्पद’ असे चिन्ह लावूनच प्रसिद्ध झाली पाहिजे. बहुतेक दिवस हे दोन आकडे जुळतील, आणि विमा कंपनी व शेतकरी यांच्यातला वाद कमी करायला तेवढेही पुरे आहे.

माणूस कुठून आणायचा, हाही प्रश्न अवघड नाही. अमेरिकेत 1890 पासून स्वयंसेवी निरीक्षकांची व्यवस्था आहे आणि आजही तिथे आठ हजारांहून अधिक सामान्य नागरिक रोजच्या नोंदी घेतात. 1997 च्या जुलैत कोलोरॅडोतील फोर्ट कॉलिन्स शहरात अगदी मर्यादित भागावर प्रचंड पाऊस होऊन पूर आला. त्यानंतर तिथल्या हवामानतज्ज्ञांनी लोकांना साधी पर्जन्यमापके देऊन घराघरांतून नोंदी घ्यायला सुरुवात केली. आज ती चळवळ त्या देशभर पसरली आहे. पाऊस नसेल त्या दिवशीही आठवणीने शून्य लिहा, असा त्यांचा आग्रह असतो आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण मोजून लिहिलेले शून्य आणि न मोजलेला दिवस यांतला फरक त्यामुळेच टिकतो. आपल्याकडे जिल्हा परिषदेची शाळा जवळपास प्रत्येक गावात आहे. तिच्या आवारात मोकळी जागा असते. शाळेला सुटी असली तरी सकाळी साडेआठला तिथे जाऊ शकेल असा माणूस गावात असतोच, मग तो ग्रामपंचायतीचा कर्मचारी असो, निवृत्त शिक्षक असो किंवा बचत गटातली एखादी ताई असो. त्यांना थोडेसे मानधन, एक दिवसाचे प्रशिक्षण आणि बदली निरीक्षकाचे नाव ठरवून दिले की काम चालते. फुकट राबवून घेऊ नये, एवढे मात्र आवर्जून सांगतो. ज्या कामाला मानधन नसते, त्याची जबाबदारीही कोणावर टाकता येत नाही. सातवी-आठवीच्या मुलांनी हे मोजमाप शिकले तर त्यांना विज्ञानाचे पुस्तक वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

राष्ट्रीय योजनेच्या आर्थिक रचनेतही या पडताळणीला जागा आहे. ‘विंड्स’मध्ये केंद्र आणि राज्य सरकारे यंत्र विकत घेण्याऐवजी त्यातून मिळणाऱ्या माहितीचे भाडे देणार आहेत. ही पद्धत चांगली ठरू शकते, पण भाडे कशाचे द्यायचे हे करारात नेमके लिहिले तरच. आकडा पोहोचला म्हणून पैसे द्यायचे, की आकडा शेजारच्या साध्या पर्जन्यमापकाशी ताडून योग्य ठरला म्हणून पैसे द्यायचे? पहिल्या पद्धतीत फांदीआड बसलेले यंत्रही नियमित भाडे मिळवत राहील. दुसऱ्या पद्धतीत यंत्राची निगा राखणे कंत्राटदाराच्याच हिताचे होईल. शेजारच्या कर्नाटकात राज्याच्या आपत्ती संनियंत्रण केंद्राने सहा हजारांहून अधिक दूरसंवेदी पर्जन्यमापके ग्रामपंचायत पातळीवर आधीच चालवली आहेत आणि अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात दोन विद्यापीठांनी मिळून 1994 पासून चालवलेल्या जाळ्यात प्रत्येक केंद्राला ठरावीक काळाने तंत्रज्ञ भेट देतात, संवेदक आळीपाळीने काढून प्रयोगशाळेत तपासतात आणि प्रत्येक आकड्याला गुणवत्तेचे चिन्ह लावतात. तिथे केंद्रे सव्वाशेच्याही आत आहेत. कमी असली तरी ज्यांच्यावर विसंबता येईल अशी केंद्रे त्यांनी पसंत केली. आपल्याला दोन्ही हवे असेल तर निगेचा खर्च पहिल्या वर्षापासून वेगळ्या शीर्षाखाली धरावा लागेल. यंत्राच्या किमतीत तो ‘अंतर्भूत’ आहे असे म्हटले की तो होत नाही, हा सरकारी कामाचा माझा अनुभव आहे.

जागतिक हवामान संघटनेने केंद्राच्या जागेच्या गुणवत्तेनुसार एक ते पाच अशा श्रेणी ठरवलेल्या आहेत. आपल्या प्रत्येक केंद्राला अशी श्रेणी द्यावी, केंद्राचे अक्षांश-रेखांश, चारही दिशांनी काढलेली छायाचित्रे, शेवटच्या तपासणीची तारीख आणि बिघाडाचे दिवस हे सगळे दहा मिनिटांच्या मूळ नोंदींसह संकेतस्थळावर विनामूल्य ठेवावे. दैनंदिन मंडळनिहाय पाऊस आज राज्य सरकारच्या ‘महारेन’ या संकेतस्थळावर पाहता येतो, हे चांगलेच आहे; पण नुसता अंतिम आकडा पाहून कोणाला काही तपासता येत नाही. जनतेच्या पैशातून घेतलेली आणि जनतेचेच नुकसान मोजणारी नोंद ही व्यापारी गुपित असू शकत नाही. नाशिक-सांगलीकडे अनेक द्राक्ष बागाईतदारांनी रोगांच्या अंदाजासाठी स्वतःच्या खर्चाने बागेत हवामान केंद्रे बसवली आहेत. साखर कारखाने, कृषी विद्यापीठे, जलसंपदा विभाग यांच्याकडेही पावसाच्या नोंदी आहेत. गुणवत्तेची अट घालून या सगळ्यांना एका नकाशावर आणता येईल आणि मग एखाद्या मंडळाचा आकडा आजूबाजूच्या चार नोंदींशी फटकून असेल, तर तो कोणाच्याही नजरेतून सुटणार नाही.

सप्टेंबर 2024 मध्ये मंजूर झालेल्या ‘मिशन मौसम’साठी दोन वर्षांना दोन हजार कोटी रुपये ठेवले गेले. रडार, महासंगणक, उपग्रह यांवर खर्च व्हायलाच हवा. मात्र त्याच वर्षी देशातील 199 जिल्हा कृषी हवामान केंद्रे, जी कृषी विज्ञान केंद्रांतून तालुक्यागणिक शेतीसल्ला देत होती, ती निधीअभावी बंद झाली, याचे मला वाईट वाटते. गावच्या नोंदींचा अर्थ लावून शेतकऱ्याला सांगणारी तीच माणसे होती. नवे पर्जन्यमापक बसतील तेव्हा त्यांच्या निरीक्षकांना शिकवायला आणि दोन आकड्यांतला फरक पाहायला जिल्ह्यात असाच कोणीतरी लागेल. ही केंद्रे पुन्हा सुरू करून ते काम त्यांच्याकडे सोपवावे, असे मला वाटते.

येत्या खरिपापूर्वी कृषी आयुक्तालयाने निदान एवढे करावे. सध्याच्या सर्व मंडळ केंद्रांची यादी जागेच्या छायाचित्रांसह प्रसिद्ध करावी, प्रत्येक जिल्ह्यातील काही मंडळांत साधे पर्जन्यमापक शेजारी बसवून 1 जूनपासून 30 सप्टेंबरपर्यंत दोन्ही नोंदी घ्याव्यात आणि त्यांतला फरक ऑक्टोबरात जाहीर करावा, म्हणजे ग्रामपंचायतींसाठीच्या यंत्रांचे करार करताना तो हाताशी असेल. आपल्या दैनिकालाही एक विनंती आहे. पावसाळ्यात आपण जिल्हानिहाय पावसाचे तक्ते छापता, त्यांत ज्या केंद्राची नोंद आलेली नसेल तिथे शून्य न छापता ‘नोंद नाही’ असे छापावे.

आपला विश्वासू,
निवृत्त कृषी पर्यवेक्षक,
जि. सातारा